मला न कळणारा दमा
दहा मार्च. सकाळपासून ज्वारी चाळते आहे. भुसकट उडालं आणि त्या वासाबरोबर नव्वदच्या दशकातली, बारामतीजवळच्या आमच्या कळंबच्या शेतातली मळणी आठवली. मी मळणीयंत्रात कणसं टाकत होते, तोंडावर धुरळ्याचा थर बसला होता आणि पाण्याची घागर कुणी भरायची यावरून जावेशी रोजच्यासारखं वाजलं होतं. शेवटचा शब्द कायम माझा असायचा, पण त्या दिवशी मी मध्येच गप्प झाले. ती जवळ येऊन माझ्या गळ्याकडं बघायला लागली. "आज भांडाण अर्ध्यात सोडलंस. दम पुरंना व्हय?" "मला काय बी झालं न्हाय," मी म्हटलं. दमा जुना होता, पण तेव्हा छातीत खरंच काही जाणवत नव्हतं. तिनं ऐकलं नाही. यंत्र बंद करायला लावून मला बारामतीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी एका नळीत जोरात फुंकायला सांगितलं, तर नळीवरचा काटा जेमतेम हलला. "श्वासनळ्या एवढ्या आवळल्यात आणि तुम्हाला पत्ता नाही. काही जणांना ते कळतच नाही, आणि तेच दगावतात." मी ऐकून घेतलं, भीतीही वाटली नाही. जाऊ म्हणाली, "हिला कळंना, पर ही गप बसली की मला कळतंय." छातीतलं ते आवळणं मला आजही कळत नाही. दवाखान्यातून आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तेव्हा अगदी बरं वाटत होतं. पण बरं तर आदल्या दिवशीही वाटतच होतं. म्हणूनच चूल पेटवायच्या आधी जावेसमोर जाऊन बसले आणि म्हटलं, "मी बोलती. दम कुठं अडकतोय ते ऐक."