खाऱ्या पाण्याने धुतलेले पॅनल

"मॅडम, आठ झालं!" दारावरचा आकडा वाचून जनाकाकी ओरडल्या. "मगाशी सहा व्हता."

खोलीचं तापमान दोन अंशांवर हवं होतं. आत पापलेट आणि सुरमईच्या पेट्या. मुरुडजवळच्या एका कोळीवाड्यातल्या महिला बचत गटाची ही शीतखोली सोलरवर चालते. दिवसा छपरावरचे पॅनल कंप्रेसर चालवतात आणि बॅटरी भरतात. रात्री बॅटरी खोली थंड ठेवते. गेले काही दिवस बॅटरी भरतच नव्हती, म्हणून कंपनीने मला, सर्व्हिस इंजिनिअरला, पाठवलं होतं.

मी कंपनीतल्या माझ्या सरांना फोन लावला.

"जुना डिझेल जनरेटर आहे ना तिथे? तो चालू कर. आधी मच्छी वाचव, मग फॉल्ट शोध."

मी जनरेटरकडे वळले, तर गटातल्याच मंदाताई आडव्या आल्या.

"ह्याला हात लावायचा न्हाय."

त्यांच्या मागे बांबूंच्या वलांडीवर बोंबील वाळत होते. जनरेटरचा धूर वाऱ्याबरोबर थेट तिकडेच जातो. काजळी बसलेला बोंबील व्यापारी हातात धरत नाही. सांडलेलं डिझेल खाडीत जातं ते वेगळंच. या त्रासापायीच तर गटाने सोलर घेतलं होतं.

"मग माझी पापलेटं कुजू दे?" जनाकाकी कडाडल्या.

"माझं बोंबील काळं करून तुझी पापलेटं गोरी ठेवायची काय?"

दोघीही माझ्याकडे बघायला लागल्या. ऊन चढत होतं, आकडाही.

मी वायरिंग तपासलं. बॅटरी तपासली. सगळं ठीक. तरी पॅनलकडून अर्धीसुद्धा वीज येत नव्हती. कंप्रेसर सुरू व्हायचा आणि बंद पडायचा. शेवटी शिडी लावून छपरावर चढले. काचेवरून बोट फिरवलं, तर पांढरं झालं. जरा विचार करून ते जिभेला लावलं. खारट.

"काकी, पॅनल धुता का?"

"रोज! बोंबलावर कावळे येतात, वर घाण करतात. दर्याच्या पाण्याच्या कळश्या ओतते की. तुमच्याच माणसानं सांगितलं व्हतं, धुवा म्हणून."

होड्या, टोपल्या, मासळी, इथे सगळं दर्याच्या पाण्याने धुतात. गोडं पाणी टँकरचं, ते पिण्यासाठी. मी माणगावकडच्या भातशेती करणाऱ्या घरातली. पाणी म्हटलं की मला विहीरच दिसते. घरातली पहिली पदवीधर म्हणून गावाने माझा सत्कार केला होता. पण पॅनल कोणी समुद्राने धुवत असेल, हे मला कोणत्याच पुस्तकात भेटलं नव्हतं.

पाणी उडून जातं, मीठ काचेवर राहतं. त्यात पॅनल एकामागे एक जोडलेले असतात. त्या ओळीला आम्ही स्ट्रिंग म्हणतो. होडीतून किनाऱ्यापर्यंत बायका हातोहात टोपल्या देतात तसं. मधली एक मंदावली की सगळी ओळ मंदावते.

"गोड्या पाण्याने पुसावं लागेल. बरेच हंडे लागतील," मी म्हणाले.

टँकर परवा येणार होता.

"नऊ झालं," जनाकाकी हळूच म्हणाल्या.

मंदाताई घरी गेल्या आणि कमरेवर हंडा घेऊन आल्या. "तुझ्या पापलेटांसाठी न्हाय हां. धुरापरीस हे परवडलं."

मग बाकीच्या बायकाही निघाल्या. जनाकाकी पदर खोचून शिडीवर चढल्या. आम्ही ओल्या फडक्याने एकेक पॅनल पुसत गेलो. विजेचा मीटर चढू लागला. कंप्रेसर धरून राहिला. आकडा मात्र नवावरच अडून बसला. मी चार वेळा खाली उतरून पाहिलं. चहा आला तसाच निवला. दुपारी कधीतरी आठ दिसलं, अंधार पडायच्या आत तीन.

दाराजवळच्या दोन पेट्यांतली पापलेटं मऊ पडली होती. ज्यांनी ज्यांनी पाणी दिलं, त्यांच्या घरी त्या रात्री पापलेटचं कालवण झालं.

मी मुक्काम केला. पहाटे पॅनलवर दहिवर पडलं होतं. थंडीच्या दिवसांत तेवढ्याने फडकं ओलं होतं, हंडा लागत नाही. मंदाताईंनीच पुसून बघितलं.

सरांना कळवलं, "फॉल्ट नव्हता सर, मीठ होतं."

"वॉरंटीत बसतं?"

"नाही सर."

सोलरला इंधन लागत नाही, असं आम्ही विकताना सांगतो. खरं आहे ते. पण गोडं पाणी लागतं, आणि ते कुणाच्या तरी कमरेवरून येतं. आता मी जागा बघायला गेले की उन्हाच्या आधी टँकरची चौकशी करते.