पांढऱ्या पँटीची धास्ती

"प्रोस्टेटचा कॅन्सर आहे," जळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं. प्रोस्टेट म्हणजे पुरुषाच्या मूत्राशयाखालची छोटी ग्रंथी. मी एवढंच विचारलं, उन्हाळ्यात मुलीचं लग्न आहे, तोवर उभा राहीन ना?

"राहाल की," ते म्हणाले. कसा, ते मी विचारलं नाही.

ऑपरेशन मुंबईला झालं. भुसावळला घरी आलो, कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, निघाली आणि लघवी थांबेचना. खोकलो, गळाली. खुर्चीतून उठलो, गळाली. याला इनकॉन्टिनन्स म्हणतात, म्हणजे लघवीवर ताबा नसणं. नाव कळून काही फरक पडला नाही. बायको जुन्या लुगड्याच्या घड्या शिवायची, धुवायची, वाळत टाकायची. मला माझाच वीट आला होता.

त्यात मुलीचं लग्न बौद्ध पद्धतीचं. नवरानवरी पांढऱ्यात, आईबापही पांढऱ्यात, आणि सगळ्यांसमोर उभं राहायचं. मी तपकिरी पँट घालायचं ठरवलं. बायको म्हणाली, "बठ्ठा पांढरा कपडामा येतीन. तुम्हीबी पांढराच घाला. पुढलं मी दखी लिसू." म्हणजे सगळेच पांढऱ्यात येणार, आणि पुढचं ती बघून घेणार.

मी माझा उपाय काढला. पाणीच तोडलं. भुसावळचं ऊन आणि मी घोटाघोटावर. लघवी जळायला लागली, सारखी लागायला लागली, गळती उलट वाढली.

जळगावचे डॉक्टर माझ्यावर रागावले. "नाना, पाणी तोडलं की लघवी कडक होते, मूत्राशयाला टोचते. पाणी प्या. आणि वारा अडवताना जे आवळता ना, तेच आवळा आणि सोडा. पोट नाही, मांड्या नाहीत. श्वास रोखायचा नाही." याला केगल व्यायाम म्हणतात. खोकण्याआधी, उठण्याआधीही तसंच आवळायचं.

तुमच्यावर ही वेळ आली तर पाणी तोडू नका, आणि लवकर गुण येईल असंही धरून चालू नका. कितीतरी दिवस मी नुसता आवळत बसलो, काही होईना. चिडून सोडून द्यायचो, बायको पुन्हा बसवायची. मग कधीतरी सकाळची घडी कोरडी निघाली. ती आधी तिनेच पाहिली. तिचे उपकार कसे फेडू, मला कळत नाही.

लग्नात वंदना संपेपर्यंत पांढऱ्या पँटीत उभा राहिलो. पाठवणीच्या वेळी मुलगी गळ्यात पडली. हुंदक्याने पोटावर दाब येतो, हे आता ठाऊक होतं. म्हणून आधी नीट आवळलं, आणि मग मनसोक्त रडलो.