भोंग्यावरचा माणूस

परभणीत शुक्रवारी नवा सिनेमा लागला की एक माणूस रिक्षावर भोंगा बांधून गल्लोगल्ली यमकं फेकत फिरायचा. "झरीची जोडी, पिंगळीची गाडी, न्हाई आलात तर ओढाल दाढी!" अर्थ शून्य आणि आवाज कानठळ्या बसवणारा. मी धाडकन खिडकी लावून घ्यायचो.

मग टॉकीजवाल्याने कॅसेट भरून आणली आणि याचं काम गेलं. तेव्हापासून तो नाक्यावरच्या हॉटेलात ठाण मांडून बसू लागला. मी कप ओठाला लावला की विचारणार, "मास्तर, सरकीला काय जुळतंय?"

एकदा मी वैतागलो. "अहो, कॅसेट आली. आता तरी पुरे करा की!"

बशीतला चहा फुंकत तो म्हणाला, "कॅशेटीला दार दिसत न्हाई, मास्तर."

माझे वडील गेले त्या शुक्रवारी मला ते कळलं. अंगणात तिरडी बांधणं चाललं होतं आणि दारासमोर कॅसेटची रिक्षा ओरडत होती, "हसून हसून पोट दुखेल!" गल्लीने टॉकीजवर जाऊन भांडण काढलं.

टॉकीजवाल्याने त्या भोंगेवाल्याला परत बोलावलं, आधी आमच्या भागापुरतं, मग गावभर. आता तर यमकात मीही आलो. "मास्तर लावती खिडकी, पिक्चरमदी लय धडकी!"

पुढे शेजारची म्हातारी गेली, तीही शुक्रवारीच. लांबून त्याची बडबड ऐकून मी दातओठ खात खिडकीशी गेलो. कोपऱ्यावर तो उतरला, माईक बंद करून छातीशी धरला आणि रिक्षामागे पायी चालत तिच्या दारावरून गेला. पुढच्या वळणावर पुन्हा सुरू झाला. उघड्या खिडकीतून मी ऐकलं, यमक हुकलं होतं, गाडीला त्याने गाडीच जुळवली होती.