फुगलेली बॅटरी

नेलपॉलिश काढायच्या औषधाचा गोडसर वास आला की मला मलकापूरचे आमचे दाजी आठवतात. त्यांच्या रिमोटवर चालणाऱ्या खेळण्यातल्या गाडीची लिथियम बॅटरी आपटून उशीसारखी फुगली होती आणि तिला हाच वास येत होता. "दाजी, वाळूच्या बादलीत ठेवा, दुकानदाराला विचारून त्याच्याकडं देऊ," मी म्हणाले. "तू मला शिकवणार व्हय?" म्हणत त्या शहाण्याने ती पिशवीत गुंडाळून दारातल्या घंटागाडीत टाकली. गाडीवरच्या बाईंनी कचरा दाबताच भडका उडाला आणि त्यांचा हात भाजला. मी पाण्याची बादली घेऊन धावले, दाजी फाटकाआडून मोबाईलवर शूटिंग करत म्हणाले, "बघून घ्यायला नको व्हय यांनी?" मग मी सगळ्या गल्लीदेखत बॅटरी कुणाची ते सांगितलं. तेव्हापासून दाजी माझ्याशी बोलत नाहीत. ज्या माणसाने त्या बाईंची एकदाही चौकशी केली नाही, त्याने माझी तरी कशाला करावी?