त्या वस्तीवरचं गूळपाणी

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. बायकोलासुद्धा नाही. तुम्हाला का सांगायलोय — कोण जाणे.

लातूर नुकतंच जिल्हा झालेलं, त्यात दुष्काळ. उस्मानाबादहून माझी बदली टँकरच्या कचेरीत झाली. खुर्ची नाही, खोक्यावर बसायचं. मी सकाळी यायचो तेच कुरकुरत. सगळे मला 'न्हाईवाले' म्हणायचे. खोटं कशाला बोलू, होतोच मी तसा. कुणी काही सांगितलं की माझं पहिलं उत्तर — "न्हाई जमत."

आमचे बिराजदार साहेब मात्र — काय माणूस होता हो! कपाळावर विभूती, आवाज कधी चढला नाही. माझं रडगाणं शेवटपर्यंत ऐकायचे अन् म्हणायचे, "हाव, खरं हाय. ह्यातलं एक काम आज आपण दोघं करू." स्वतःची खुर्चीसुद्धा मला दिली. आणि मी? त्याच खुर्चीत बसून कुरकुरलो.

तर — एकदा एका वस्तीवरची म्हातारी टँकर मागायला आली. माझं नेहमीचं 'न्हाई' ऐकून चारचौघांत म्हणाली, "खुर्ची उबवायलाच बसलाव का, बाबा?" लागलं मला. लई लागलं. दुसऱ्या दिवशी त्या वस्तीची पाळी होती. मी ड्रायव्हरला सांगितलं — तिकडचा रस्ता बंद हाय, जाऊ नको. कसला बंद? चांगला उघडा होता. दुपार कलली तरी बाया घागरी मांडून उन्हात बसलेल्या. हे मी केलं. रागानं, जाणूनबुजून.

टँकर गेलाच नाही, एवढं साहेबांना कळलं. म्हणाले, "रस्त्याचं तुम्हाला कुणीतरी चुकीचं सांगितलं असंल. चला." टँकर घेऊन गेलो. लोक अंगावर धावून आले. साहेबांनी हात जोडले, "चूक माझी हाय." शिव्या त्यांनी खाल्ल्या, मी त्यांच्या पाठीमागं उभा.

मग तीच म्हातारी पुढं आली. दारी आलेल्याला आधी गूळपाणी, दुष्काळ असला म्हणून काय झालं? टँकरची नळी अजून सोडली नव्हती. घरात उरलंसुरलं पाणी तिनं तांब्यात आणलं, वर गुळाचा खडा. "उन्हातनं आलाव. घ्या."

मावशी, रस्ता उघडा होता — एवढंच बोलायचं होतं. साहेब शेजारीच होते. तेव्हा नाही तर कधी बोलणार होतो मी?

तांब्या तोंडाला लावला अन् घटाघटा प्यालो.

त्यानंतर 'न्हाई' हा शब्द माझ्या तोंडी कधी आला नाही. टँकरबरोबर वस्त्या-वस्त्यांवर स्वतः जाऊ लागलो. साहेबांना केवढं कौतुक! त्यांच्या निरोपसमारंभात माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "नोकरीत मी काय कमावलं? हा माणूस." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

आता साहेब नाहीत. म्हातारीचं तर नावही मी विचारलं नव्हतं.

रस्ता उघडा होता.