गाडीतलं वजन

काशीमीऱ्याला माझी स्कूटर दुरुस्त करणारा मिस्त्री मूळचा उत्तनच्या कोळीवाड्यातला. हौशी शर्यतवाले आपल्या जुन्या, ऐसपैस विलायती गाड्या त्याच्याकडे आणतात आणि सहा-सहा तासांच्या शर्यतीत टिकतील अशा करून मागतात. तो आधी गाडीतलं सुख काढतो. चामड्याच्या सीटा, गालिचे, एसी, लाकडी पट्ट्या. प्रत्येक वस्तू तो घरून आणलेल्या, मासळी तोलायच्या वजनकाट्याला लटकवतो आणि सुरमईचं पुकारावं तसं वजन पुकारतो. मला मात्र त्याच काढून ठेवलेल्या सुखात बसवतो, स्वतः ऑइलच्या डब्यावर. "बसा मॅडम, शर्यतीत याचं काय काम न्हाय."

परवा एक शेठ आपली तयार झालेली गाडी बघायला आले. आधी पोट आलं, मागून शेठ.

"अजून पन्नास किलो कमी कर," ते म्हणाले. "दर वेळी मागे पडतोय मी."

मिस्त्रीने रिकाम्या गाडीत डोकं घालून नीट पाहिलं. मग शेठकडे, तितकंच नीट.

"गाडीत आता काढाया काय न्हाय उरलं, शेठ."

मी हसू दाबलं. तो हसला नाही. शेजारच्या भंगारवाल्याचा मोठा वजनकाटा त्याने ओढत आणला आणि शेठच्या पायाशी ठेवला.

शेठ लालबुंद झाले. मग धापा टाकत वाकले आणि बूट काढू लागले.