सुनंदाबाईंचा चुकलेला अहवाल

सुनंदाबाईंच्या पंचाहत्तरीच्या या पुस्तकात शिकलेल्या माणसांनी पुष्कळ लिहिले असेल. मला अक्षर येत नाही. मी सांगते, सून लिहिते. हल्ली बोलूनही दम लागतो, तेव्हा लेख आखूड होईल. माझे पाल्हाळ ऐकलेल्या बाईंना तेवढेच बरे वाटेल.

बाई प्रथम दिसल्या त्या पालीजवळच्या काजूच्या कारखान्यात. आम्ही बाया जमिनीवर बसून बी फोडत होतो. बाई कॉलेजात शिकवत. अंगावर इस्त्रीची साडी, हातात कागद. कामगार कामावर किती समाधानी आहेत, ते मोजायला आल्या होत्या.

मी विचारले, "तराजू आणलाव काय?"

बाई हसल्या नाहीत. हसायची सवय त्यांना पुढे आम्ही लावली.

त्यांनी एकेकीला विचारले. आमच्यात आल्या पाहुण्यापुढे रडगाणे गात नाहीत. सगळ्यांनी सांगितले, "बरा चाल्लाय." बाईंनी तेच लिहून नेले. त्याच वर्षी आम्ही बसायला बाक मागत होतो; पाठी मोडून आल्या होत्या. मालकांनी बाईंचा अहवाल पुढे केला. "बाया समाधानी आहेत. मग बाक कशाला?"

मी बाईंचे घर गाठले. "बाई, तुमच्या कागदान आमचो बाक खाल्लान."

बाईंनी वाद घातला नाही. चहा दिला, आणि दुसऱ्या दिवसापासून आठवडाभर आमच्यात बसून बी फोडली. टरफलातल्या चिकाने बोटे भाजली, तेव्हा मीच राख चोळली. शेवटच्या दिवशी त्यांनी विचारले, "सखूबाय, उद्या सून आली तर तिला इथे लावाल?"

"वैरिणीच्या सुनेला पण नाय."

मग बाकीच्याही बोलत्या झाल्या. बाई मालकांपुढे उभ्या राहून म्हणाल्या, "माझा अहवाल चुकला. मी विचारलेच चुकीचे." शिकलेल्या माणसाच्या तोंडून हे मी तेवढे एकदाच ऐकले. त्यापायी कॉलेजात त्यांना बोलणी खावी लागली. बाईंनी ते सांगितले नाही. दुसऱ्याकडून फार उशिरा कळले.

बाक आले, तोवर माझी पाठ कामातून गेली होती. सून शेवटी तिथेच लागली. पोटापुढे सासूचे बोलणे किती चालणार? पण ती बाकावर बसते, आणि संध्याकाळी ताठ चालत घरी येते.

आता बाईंचेही गुडघे धरतात म्हणे. देव त्यांना निरोगी, भरपूर आयुष्य देवो. आणि त्यातले थोडे बसून काढायची वेळ आली, तर ते बसणे सुखाचे असो.